तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे कपडे: आरामदायी, सुरक्षित आणि मुलाला स्वतः काढता येतील असे

बालवाडी सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की बालरोगतज्ज्ञांकडे एक तक्रार हमखास येते. "घरी शू आली की सांगतो, शाळेत मात्र चड्डी ओली करतो." लघवीची तपासणी केली जाते आणि बहुतेक वेळा त्यात काही सापडत नाही. अशा मुलाला पुढच्या वेळी शाळेचा गणवेश घालून आणायला सांगावे. मग दिसते ते असे: अर्ध्या चड्डीला पुढे लोखंडी हूक, त्याखाली चेन, वरून पट्टा, आणि पट्ट्यात खोचलेला शर्ट. साडेतीन वर्षांच्या मुलाला घाई लागली असताना हे चार अडथळे पार करायचे असतात. बाई तीस मुलांमध्ये गुंतलेल्या असतात. मूल दोन-तीन वेळा फजीत होते आणि मग शू-शी दाबून धरायला शिकते. त्यातून बद्धकोष्ठता होते, मुलींमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि सुरुवात झालेली असते ती एका हुकापासून.

मुलांचे कपडे घेताना आपण आधी रंग पाहतो, मग किंमत, मग कापड. माझे मत असे, की त्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हा कपडा मुलाला स्वतःला काढता येतो का? आणि तो कुठे अडकला तर पटकन सुटतो का? या वयातले कपड्यांमुळे होणारे बरेचसे त्रास आणि जवळपास सगळे गंभीर अपघात या दोन प्रश्नांशी येऊन थांबतात.

मुलाला काय जमते?

साधारण तिसऱ्या वर्षी मुलाला इलॅस्टिकची चड्डी खाली-वर करता येते. मोठी बटणे काढणे तीन ते चार वर्षांच्या दरम्यान जमू लागते, लावणे त्यानंतर. चेनचे टोक खाली अडकवून ती वर ओढणे चौथ्या-पाचव्या वर्षीचे काम, आणि बुटाची नाडी बांधणे पाच-सहा वर्षांपर्यंत लांबते. प्रत्येक मुलात थोडे पुढे-मागे होणारच. त्यावरून हुशारी ठरवू नका.

म्हणून शाळेच्या पहिल्या दोन वर्षांत पूर्ण इलॅस्टिकची चड्डी किंवा पँट हीच योग्य. शाळेचा गणवेश हुकाचा असेल तर शिंपीकाकांकडून हूक काढून कमरेत इलॅस्टिक घालून घ्या. वरून पट्टी तशीच दिसते. शाळेला एकदा कारण सांगितले तर सहसा कोणी अडवत नाही. मुलींना शाळेत एकसंध जंपसूट किंवा डंगरी घालू नका. शौचालयात जायचे म्हणजे तिला सगळाच कपडा उतरवावा लागतो आणि तो ओल्या फरशीवर पडतो. मागे चेन असलेला फ्रॉक समारंभाला चालेल, रोजसाठी नको.

इलॅस्टिक किती घट्ट असावे? दोन बोटे सहज आत गेली पाहिजेत. चड्डी काढल्यावर कमरेवर थोडा वळ दिसतोच, पण अर्ध्या तासानंतरही तो राहत असेल किंवा तिथे खाज येत असेल तर इलॅस्टिक सैल करा.

गळ्याकडेही लक्ष द्या. तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४९ ते ५० सेंमी असतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या डोक्याच्या जवळपास नव्वद टक्के. खांदे मात्र अगदी अरुंद. त्यामुळे खांद्याला बसणारा टी-शर्ट डोक्यातून जाताना अडकतो. काही मुलांना डोळ्यांवर कपडा आला की भीती वाटते आणि रोज सकाळी रडारड होते. त्याला हट्ट म्हणून मोकळे होऊ नका. गळा ताणला जाणारा हवा, किंवा खांद्यावर दोन टिचबटणे हवीत. पुढची बाजू ओळखायला पुढे एखादे चित्र असले की मूल आपले आपण घालू लागते.

मुलांच्या, म्हणजे मुलग्यांच्या पँटच्या चेनबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आत चड्डी न घालता चेनची पँट घातली की शिस्नाची पुढची त्वचा चेनमध्ये अडकण्याचा प्रकार घडतो. अशा वेळी चेन वर किंवा खाली ओढू नका. जखम वाढते. हवे तर चेनभोवतीचे कापड कात्रीने कापून भार कमी करा आणि तसेच रुग्णालयात आणा. डॉक्टर चेनच्या सरकत्या भागाचा मधला दांडा कापतात, चेनचे दोन्ही भाग सुटे होतात आणि त्वचा मोकळी होते.

गळ्याभोवती काहीही न सुटणारे नको

हुडीच्या टोपीला नाडी असते आणि तिच्या टोकाला गाठ किंवा मणी. घसरगुंडीवर मूल वर बसते, ती गाठ कठड्याच्या फटीत अडकते, मूल खाली घसरते आणि त्याचा सगळा भार गळ्यावर येतो. अमेरिकेत १९८५ पासूनच्या दशक-दीड दशकात अशा नाड्यांमुळे वीसहून जास्त मुलांचे मृत्यू नोंदले गेले. त्यांतले बरेच घसरगुंडीवर झाले होते. कमरेच्या लांब नाड्या शाळेच्या बसच्या दारात अडकूनही मुले ओढली गेली. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये लहान मुलांच्या कपड्यांतून टोपीच्या आणि गळ्याच्या नाड्या काढून टाकण्याची सूचना दिली, आणि त्यानंतर असे मृत्यू खूप कमी झाले. युरोपमध्येही सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी चालत नाही. आपल्या बाजारात मात्र अशा हुडी सर्रास मिळतात. विकत घेतली असेल तर घरी आल्यावर नाडी पूर्ण ओढून काढा. कमरेची नाडी राहू द्यायची असेल तर ती मध्यभागी शिवून टाका आणि बाहेर दोन्ही टोके साडेसात सेंमीपेक्षा जास्त लोंबू देऊ नका.

पण आपल्याकडे नाडीपेक्षाही जास्त दिसणाऱ्या तीन वस्तू आहेत: ओळखपत्राची गळ्यातली फीत, गळ्यात तिरकी अडकवलेली पाण्याची बाटली आणि काळा दोरा. ओळखपत्र खिशाला क्लिपने लावा. फीत शाळेने सक्तीची केली असेल तर ओढल्यावर मानेमागे आपोआप सुटणारी फीत मिळते, ती घ्या. पाण्याची बाटली दप्तराच्या बाजूच्या खिशात. काळा दोरा किंवा ताईत बांधायचाच असेल तर गळ्यात घट्ट गाठीने बांधू नका, आणि नायलॉनचा दोरा तर मुळीच नको. तो तुटत नाही, हीच अडचण आहे. खेळायला सोडण्याआधी तिन्ही वस्तू काढून घ्या.

सण-समारंभात छोट्या मुलींना घागऱ्यावर ओढणी देतात. ती खांद्याला टाचून, मागे कमरेत खोचून द्या, गळ्याला वेढा देऊन नको. दुचाकीवर, आकाशपाळण्यात किंवा सरकत्या जिन्यावर जाताना ओढणी सरळ काढून पिशवीत ठेवा. चाकात ओढणी गेल्यावर गळा आवळायला एक-दोन सेकंद पुरतात. हेच पावसाळ्यातल्या पाठीवर लोंबणाऱ्या झग्यासारख्या रेनकोटला लागू आहे. मुलांसाठी पुढून टिचबटणाचा, गुडघ्यापर्यंतचा रेनकोट बरा. टोपी टिचबटणाने जोडलेली असावी, म्हणजे ती ओढली गेली तर निघून येते. रंग पिवळा किंवा नारिंगी घ्या. पावसात वाहनचालकाला करडा-निळा रंग दिसत नाही.

आग: सुती चांगले, पण सुती म्हणजे सुरक्षित नव्हे

दिवाळीत मुलांना सुती कपडे घाला, हे सगळेच सांगतात. ते अर्धेच बरोबर आहे. नायलॉन, पॉलिएस्टर, नेट हे कापड पेटल्यावर वितळते आणि गरम लगदा त्वचेला चिकटतो. भाजणे खोल होते. म्हणून फटाके, पणत्या, होळी, चूल यांच्याजवळ ते नकोच. पण पातळ, सैल, झालरीचा सुती फ्रॉकसुद्धा भराभर पेटतो. कापडाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व कपड्याच्या आकाराला आहे. अंगासरशी बसणाऱ्या कपड्याखाली हवा कमी असते, शिवाय तो अंगापासून लांब जाऊन ज्योतीवर पडत नाही. याच विचाराने अमेरिकेत मुलांच्या झोपायच्या कपड्यांसाठी नियम आहे: एकतर कापड आग न पकडणारे हवे, किंवा कपडा अंगाला घट्ट बसणारा हवा.

परकर-पोलके, घागरा, खणाचा घेरदार फ्रॉक घालू नका असे मी म्हणत नाही. पूजेला, फोटोला, जेवणाला घाला. फटाके उडवायच्या आधी मात्र बदला. अंगासरशी जाड सुती पँट आणि पायात बंद बूट. पणत्या ओळीने ज्या जमिनीवर मांडल्या आहेत, तिथे घेरदार परकर घातलेली मुलगी वाकून दिवा लावते, तेव्हा तिच्या मागे दुसरी पणती असते हे लक्षात ठेवा.

कपड्याने पेट घेतला तर मुलाला पळू देऊ नका. जमिनीवर आडवे करून लोळवा किंवा जाड सुती चादर अथवा घोंगडी गुंडाळा. आग विझल्यावर भाजलेला भाग नळाच्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. भाजलेला भाग मोठा असेल तर पाणी घालताना बाकीचे अंग झाकून ठेवा, मूल गार पडायला नको. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नका. सुटे कपडे, बांगड्या काढा. त्वचेला चिकटलेले कापड ओढून काढू नका, त्याच्या कडेने कापा. १०८ ला फोन करा.

ऊन, घाम, पाऊस

लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते. ते लवकर तापते आणि लवकर गारही पडते. मोठ्यांना थंडी वाजते म्हणून मुलाला स्वेटर चढवला जातो, मग ते पळते, घामेजते, आणि ओल्या बनियनवर वारा लागतो. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले, आणि वरचा थर पुढून उघडणारा, म्हणजे गरम झाले की मूल स्वतः काढील. हात-पाय थोडे गार लागले तरी चालते; मानेच्या मागे किंवा पाठीवर हात लावून पाहा. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झाले.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घामोळे येते. तिथे बिनबाह्यांचे सैल होजिअरी किंवा मलमलीचे कपडे ठीक. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. बाहेर जाताना तिथे फिक्या रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती कपडाच योग्य, कारण अंग उघडे ठेवल्याने गारवा येत नाही, उलट ऊन थेट लागते. टेरिकॉटच्या गणवेशात घाम अडकतो. आत सुती बनियन घातल्याने निदान कापड अंगाला घासत नाही. घामोळ्यांवर पावडरचे थर देऊ नका. दिवसातून एकदा जास्त अंघोळ आणि कोरडा कपडा यानेच ते बसते.

पावसाळ्यात चड्ड्या-मोजे वाळत नाहीत, हे घरोघरचे दुखणे. दमट चड्डी रोज घातली की जांघेत नायटा होतो, आणि मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने तो तात्पुरता दबून पसरतो. मुलाच्या सहा-सात चड्ड्या असू द्या, आणि पूर्ण वाळली नसेल तर गरम इस्त्री फिरवून घाला. याच दिवसांत डेंग्यूचे डास दिवसा चावतात, त्यामुळे शाळेत पूर्ण बाह्या आणि पायघोळ पँट घालणे उपयोगी पडते.

नवीन कपडा एकदा धुऊनच घाला. जादा रंग आणि कापड कडक राखण्यासाठी लावलेली रसायने त्यात निघून जातात. एक्झिमा असलेल्या मुलाला लोकर आणि जरीची उलटी बाजू थेट अंगाला लागू देऊ नका. अस्तर सुती हवे, आणि गळ्यामागचे लेबल दोऱ्यासकट उसवून काढा. कापलेले लेबल जास्त टोचते. बेंबीखाली एकाच जागी महिनोनमहिने खाजरा चट्टा दिसत असेल तर जीन्सचे धातूचे बटण तपासा. त्यातल्या निकेलची ॲलर्जी असू शकते.

वाढत्या अंगाचे म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. या वयात उंची वर्षाला साधारण ६ ते ७ सेंमी वाढते. पायात येणाऱ्या पँटमुळे जिन्यावरून पडण्यापेक्षा शिवतानाच खालून चार-पाच सेंमी कापड आत दुमडून घ्या. पुढच्या वर्षी उसवता येते.

टिकल्या, मणी, बटणे, पिना

खेळण्यातले तुकडे तीन वर्षांखालील मुलांसाठी धोक्याचे आहेत की नाही हे तपासायला सुमारे ३.२ सेंमी व्यासाची नळी वापरतात. तिच्यात मावणारी वस्तू मुलाच्या घशात अडकू शकते. फ्रॉकवरचा जवळपास प्रत्येक मणी, टिकली, घुंगरू, बटण तिच्यात मावते. आणि चौथ्या वाढदिवसाला ही सवय संपत नाही. कंटाळलेले मूल बाहीचे बटण चावत बसते. कपडा आणल्यावर प्रत्येक बटण, मणी बोटांनी जोरात ओढून पाहा. हलत असेल तर पक्क्या दोऱ्याने पुन्हा शिवा किंवा काढा. छापील किंवा भरतकामाची नक्षी केव्हाही बरी.

एकाच नाकपुडीतून दिवसेंदिवस घाण वासाचा शेंबूड येत असेल तर तो सर्दीचा समजू नका. बहुतेक वेळा आत मणी किंवा फोमचा तुकडा निघतो. घरी चिमट्याने काढायला जाल तर तो मागे ढकलला जातो.

घशात अडकले आणि मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्या. खोकला, रडणे बंद झाले, ओठ निळे पडू लागले, तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने ५ जोरदार थापा द्या. उपयोग झाला नाही तर मागून कवेत धरून बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली मूठ ठेवून आत आणि वर असे ५ झटके द्या. पुन्हा थापा. दिसत नसताना घशात बोट घालू नका.

नर्सरीतल्या मुलाच्या छातीवर सेफ्टी पिनने रुमाल लावण्याची पद्धत आता सोडायला हवी. रुमालाला एक लूप आणि फ्रॉकला आतून एक बटण शिवले की काम होते.

'स्मार्ट' कपडे आणि चमकणारे बूट

दिवे लागणारे बूट, गाणे वाजवणारे फ्रॉक, ठिकाण सांगणारी घड्याळे मुलांना आवडतात. मला त्यांची काळजी वाटते ती आतल्या चपट्या बॅटरीमुळे. २० मिमीची नाण्यासारखी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत खोल इजा होऊ शकते. बॅटरी फुटत नाही, ओलाव्याशी संपर्क येऊन वीज वाहते आणि तिथे तीव्र अल्कली तयार होते. संपलेली बॅटरीसुद्धा हे करते. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर वस्तू घेऊ नका. बूट फाटला, तळवा उलला की त्याच दिवशी टाका. चुंबकाची बटणे किंवा ब्रोच असलेले कपडेही नकोत: दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेढ्यांना चिमटून भोक पाडतात.

बॅटरी गिळल्याची नुसती शंका असली तरी लगेच एक्स-रे असलेले रुग्णालय गाठा. उलटी करवू नका. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि १२ तास झाले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा देता येतो. मधासाठी थांबू मात्र नका.

पेटीतल्या डांबरगोळ्या आणि छातीवरचा कापूर

वर्षभर पेटीत ठेवलेले स्वेटर, रेशमी कपडे काढून मुलाला तसेच घातले जातात. डांबरगोळीतले नॅफ्थलीन वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते. ज्यांना जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या लाल रक्तपेशी त्यामुळे फुटतात. ही कमतरता मुलग्यांत जास्त आढळते, आणि त्रास होईपर्यंत कुणाला माहीतही नसते. दोन-तीन दिवसांत मूल पांढरेफटक दिसते, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते. पेटीतून काढलेला कपडा धुऊन उन्हात वाळवूनच घाला. मुलांच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवूच नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

सर्दी झाली की कापराची पुरचुंडी मुलाच्या बनियनला टाचतात. मूल ती उघडते, पांढरी वडी तोंडात घालते. कापराच्या थोड्या प्रमाणानेही लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. ही पुरचुंडी आजच काढून टाका. आजी-आजोबांना वाईट वाटणार नाही अशा शब्दांत, पण नक्की सांगा.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे

कापूर, डांबरगोळी, बॅटरी किंवा चुंबक तोंडात गेला असेल तर लक्षणांची वाट न पाहता, लगेच. गळा आवळला गेला असेल तर मूल नंतर ठीक दिसत असले तरी त्याच दिवशी, कारण घशातली सूज काही तासांनी वाढू शकते. चेहरा, हात, पाय, जांघ किंवा सांधा भाजला असेल, किंवा भाजलेला भाग मुलाच्या तळव्याहून मोठा असेल तर लगेच. मूल अचानक लाळ गाळू लागले, गिळायला नको म्हणू लागले तर त्याच दिवशी. लघवी काळपट झाली तरी तसेच. घामोळे पिकून पू झाला, जांघेतला चट्टा आठवड्यात कमी झाला नाही, किंवा इलॅस्टिकची चड्डी देऊनही शाळेत शू सुटणे थांबले नाही, तर वेळ घेऊन भेटा, आणि येताना मुलाला शाळेचाच गणवेश घालून आणा.